मूल एक, फायली सात

सियालदहकडे जाणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये बराकपूरला चढणारी गर्दी मुख्यतः कचेऱ्यांची आणि महाविद्यालयांची असते. निवृत्तीनंतर जुनी कागदपत्रे चाळण्यासाठी मी कोलकात्याला जातो, तेव्हा या गर्दीत आमच्याच वस्तीतली एक आई अधूनमधून भेटते. कडेवर सात वर्षांचा मुलगा, खांद्याला कापडी पिशवी. मुलगा अपुऱ्या दिवसांचा जन्मलेला. त्याला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात आहे. फिट्स येतात, घास गिळताना ठसका लागतो, दृष्टीही अधू आहे. पिशवीत सात फायली असतात : मेंदूविकारतज्ज्ञांची एक, बालरोगतज्ज्ञांची एक, अस्थिरोग, नेत्ररोग, फिजिओथेरपी आणि आहार यांच्या चार, आणि सातवी दिव्यांगत्वाच्या दाखल्याची. एवढे ओझे दर वेळी का वाहता, असे मी एकदा विचारले. ती म्हणाली, ‘‘काकाबाबू, डॉक्टर सगळे चांगले आहेत. पण त्यांना एकमेकांशी काही बोलायचे असले, तर ते माझ्याच तोंडून बोलतात.’’

या वाक्याचा अर्थ गेल्या हिवाळ्यात उलगडला. फिट्स वाढल्या म्हणून औषधाची मात्रा वाढवली गेली. ते योग्यच होते. त्या औषधाने मूल दिवसभर पेंगू लागले. फिजिओथेरपीच्या कागदावर ‘सहकार्य नाही’ असा शेरा पडला आणि पुढची तारीख महिन्याभराने मिळाली. वजन घटले म्हणून आहाराच्या फायलीत ‘तोंडाने अधिक अन्न द्यावे’ असे लिहिले गेले. तेही आपल्या जागी योग्य. मात्र पेंगुळलेले मूल सुरक्षितपणे गिळू शकते का, हे पाहणे कोणाच्याच वाट्याला आले नव्हते. अन्न श्वासनलिकेत गेले, न्यूमोनिया झाला आणि अकरा दिवस रुग्णालयात काढावे लागले. प्रत्येक फायलीतला निर्णय बरोबर होता; त्यांची बेरीज मात्र चुकली. ही बेरीज करण्याचे काम कोणाचे, हा या लेखाचा प्रश्न आहे.

प्रश्न नवा आहे आणि तो एका अर्थाने आपल्या यशातून जन्मला आहे. नमुना नोंदणी पद्धतीच्या आकडेवारीनुसार देशातील अर्भकमृत्यूचा दर २००० साली हजार जन्मांमागे ६८ होता. २०२० मध्ये तो २८ वर आला. नवजात अर्भकांसाठीचे विशेष कक्ष जिल्हा रुग्णालयांपर्यंत पोहोचले. एके काळी जी बाळे पहिल्या आठवड्यातच दगावत, त्यांतली अनेक आज वाचतात, आणि ही साधी गोष्ट नव्हे. परंतु वाचलेल्यांपैकी काहींच्या वाट्याला एकाच वेळी अनेक व्याधी येतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात देशातील पाच ठिकाणच्या, त्यांत उत्तर गोवाही होते, दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची तपासणी झाली. साधारणपणे दर दहा मुलांमागे एकाला मज्जासंस्थेच्या विकासाशी निगडित काही ना काही अडचण आढळली. आणि अशा मुलांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्याला एकाहून अधिक अडचणी होत्या. जीव वाचवणाऱ्या व्यवस्थेने त्या जिवाच्या पुढच्या आयुष्याची जबाबदारी नाकारली, तर ते यश अर्धेच राहते.

अशा मुलांसाठी ‘चमू’ हा शब्द वापरला जातो, तेव्हा त्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. एका इमारतीत दहा तज्ज्ञांच्या पाट्या लागल्या म्हणजे चमू होत नाही. मूल बसते कसे यावर ते गिळते कसे हे अवलंबून असते. गिळण्यावर वजन अवलंबून असते. वजनावर शस्त्रक्रियेचा धोका. फिट्सच्या औषधावर जागेपण, आणि जागेपणावर शिकणे. फिजिओथेरपिस्टने मानेला आधार देणारी खुर्ची सुचवली, की वाचा-उपचार तज्ज्ञाचे काम सोपे होते. कारण गिळण्याच्या अडचणी तोच तपासतो. ऑक्युपेशनल थेरपिस्टने चमच्याची मूठ जाड करून दिली, की आहारतज्ज्ञाचा कागद प्रत्यक्षात उतरतो. म्हणून आधी उद्दिष्ट एकच ठरवायचे, उदाहरणार्थ ‘सहा महिन्यांत हे मूल ठसका न लागता जेवेल आणि दोन तास बसू शकेल’, आणि मग प्रत्येकाने त्यातला आपला वाटा उचलायचा. उद्दिष्ट ठरवताना आईवडील त्या खोलीत हवेत, कारण उरलेले सगळे तास मूल त्यांच्याच हाती असते. ‘बरे करणे’ हा येथे हेतू नसतो. अनेकदा ते शक्यही नसते. सुरक्षित घास, वेदनेविना झोप, शाळेत काही तास आणि आईला सलग एक रात्र, इतक्या मापाच्या या गोष्टी आहेत.

चमूची ही कल्पना आपल्याला परकी नाही, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला सांगावेसे वाटते. बराकपूर म्हटले की मराठी वाचकाला २९ मार्च १८५७ आणि मंगल पांडे आठवतो; पण ही छावणी १७७२ पासूनची आहे, आणि छावणीच्या गावाला एक गोष्ट ठाऊक असते : सैन्य आपल्या जखमी जवानाला सात रांगांत उभे करत नाही. दुसऱ्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी १९४४ मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. शस्त्रक्रिया, अवयवाची जुळणी, चालण्याचा सराव आणि पुन्हा कामावर उभे राहणे हा तेथे एकच सलग प्रवास मानला गेला. कारण जवानाची जबाबदारी एकाच यंत्रणेवर होती. ज्याची गरज वाटते, त्याच्यासाठी राज्यसंस्था चमू उभा करते. ती तो करू शकत नाही, असे म्हणण्यास जागा नाही.

मुलांच्या बाबतीत मात्र हा पुढाकार राज्यसंस्थेआधी मातांनी घेतला. मुलीला पोलिओ झाल्यानंतर फातिमा इस्माईल यांनी १९४७ मध्ये मुंबईत अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था उभारली. पुढे हाजी अलीला तिचे रुग्णालय झाले, आणि त्याच परिसरात १९५५ मध्ये केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था आली. सेरेब्रल पाल्सी असलेल्या आपल्या मुलीसाठी, मालिनीसाठी, मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन केली. उपचार आणि शिक्षण एकाच छताखाली, हे तिचे सूत्र होते. दोन वर्षांनी सुधा कौल यांनी ते सूत्र कोलकात्यात आणले; आज ती संस्था ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सेरेब्रल पाल्सी’ या नावाने ओळखली जाते. या स्त्रियांनी जे जाणले ते एवढेच की, मूल विभागले जात नाही, विभाग विभागलेले असतात.

शासनाने नेमका उलटा मार्ग धरला. बराकपूरहून कोलकात्याकडे जाणाऱ्या बी. टी. रोडवर बॉन-हुगळी येथे १९७८ मध्ये अस्थिव्यंगांसाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. श्रवणदोषासाठीची राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये मुंबईत आली, बौद्धिक अक्षमतेसाठीची १९८४ मध्ये सिकंदराबादेत. प्रत्येक संस्थेने आपापल्या क्षेत्रात मोलाचे काम केले, हे निर्विवाद आहे. पण हात-पाय एका संस्थेकडे, कान दुसरीकडे, बुद्धी तिसरीकडे अशी ही वाटणी होती. ज्याला एकाहून अधिक अडचणी आहेत त्याच्यासाठीची राष्ट्रीय संस्था चेन्नईजवळ मुत्तुकाडू येथे उभी राहायला २००५ साल उजाडले. २०११ च्या जनगणनेत २.६८ कोटी दिव्यांग मोजले गेले आणि त्यांतील सुमारे ८ टक्के बहुविकलांग होते; तरी धोरणाच्या रांगेत त्यांचा क्रमांक शेवटचाच लागला. ही चूक उमगली म्हणूनच २०२१ मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयाने सर्व प्रकारच्या दिव्यांगत्वासाठी एकत्रित शीघ्र हस्तक्षेप केंद्रे सुरू केली. पहिल्या १४ केंद्रांत मुंबई आणि कोलकाता दोन्ही आहेत. हे पाऊल योग्य दिशेचे आहे, यात शंका नाही.

अडचण अशी की, तोवर दुसऱ्या मंत्रालयाने आपली स्वतंत्र वाट आखलेली होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. ते तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब अशा चार गटांतल्या ३० स्थिती हेरण्यासाठी फिरती पथके अंगणवाड्या व शाळांत जातात, आणि पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात उपचार व्हावेत अशी रचना आहे. या केंद्राचा आकृतिबंध उत्तम आहे : बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा व श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, नेत्रतपासनीस, विशेष शिक्षक, समाजसेवक आणि परिचारिका. म्हणजे कागदावर चमू आहे. पण तो जिल्ह्यामागे एक, या मापाने आखलेला आहे.

हे माप कसे लागू पडते ते पाहा. २०११ च्या जनगणनेत देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठाणे होता, १ कोटी १० लाखांचा. त्या खालोखाल आमचा उत्तर २४ परगणा, १ कोटीचा. ठाण्यातून २०१४ मध्ये पालघर वेगळा झाला. आमचा जिल्हा तेवढाच राहिला. त्यातला बराकपूर हा एकटा उपविभाग ३५ लाखांहून अधिक वस्तीचा आहे, म्हणजे साडेआठ लाखांच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या चौपटीहून मोठा. त्यात १६ नगरपालिका आणि अवघे दोन ग्रामीण गट आहेत. तागाच्या गिरण्यांभोवती वाढलेली ही सलग शहरी पट्टी. फिरत्या पथकांची आखणी मात्र गट हे एकक धरून होते. सिंधुदुर्गातल्या आईला अंतर आडवे येते, इथल्या आईला गर्दी आडवी येते, आणि ‘जिल्ह्यामागे एक’ हे सूत्र दोघींनाही सारखेच अपुरे पडते.

येथे मला स्वतःबद्दल काही कबूल केले पाहिजे. सेवेत असताना अशा कार्यक्रमांच्या समन्वय बैठकांचे अध्यक्षस्थान मी अनेकदा घेतले. तक्त्यात रकाने असत : तपासलेली मुले, दोष आढळलेली मुले, संदर्भ सेवेसाठी पाठवलेली मुले. तिसरा रकाना भरला की प्रगती समाधानकारक ठरे. पाठवलेले मूल पोहोचले का, पोहोचल्यावर त्याला कोणी एकत्रितपणे पाहिले का, वर्षानंतर ते काय करू शकते, यासाठी रकानाच नव्हता. आणि तो असावा असे मलाही कधी सुचले नाही. आरोग्य विभाग म्हणे, दाखला समाजकल्याणाचा विषय. समाजकल्याण म्हणे, उपचार आरोग्याचा. शिक्षण विभाग म्हणे, मूल शाळेत आले तर आम्ही पाहू. ‘संबंधित विभागांनी समन्वय साधावा’ असे इतिवृत्तात लिहून मी त्यावर सही करीत असे. समन्वय सर्वांवर सोपवला की तो कोणावरच सोपवलेला नसतो, हे कळायला मला लोकलमधली ती पिशवी पाहावी लागली.

पैशाचा प्रवाहही याच दोषाला बळ देतो. पश्चिम बंगालची ‘स्वास्थ्य साथी’, केंद्राची ‘आयुष्मान भारत’, महाराष्ट्राची ‘महात्मा फुले जनआरोग्य योजना’, या सर्वांत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. हे संरक्षण मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरचे असते. त्या मुलाच्या न्यूमोनियाचे अकरा दिवस योजनेत बसले. तो न्यूमोनिया टाळू शकणारी गिळण्याची तपासणी, आधाराची खुर्ची आणि आठवड्याची थेरपी तिच्यात बसत नव्हती. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंत थेरपीचाही खर्च मिळतो, ही जमेची बाजू. पण ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांपुरतीच आहे. स्नायू झिजत जाणाऱ्या आजाराचे मूल केवळ त्या कारणाने तिच्यात येत नाही.

अमेरिकेत हाच पेच १९८१ मध्ये केटी बेकेट या तीन वर्षांच्या मुलीमुळे उघडा पडला. मेंदूज्वरानंतर तिला कृत्रिम श्वासोच्छ्वासाची गरज होती. सरकारी योजना रुग्णालयाचा खर्च देत होती. घरी नेले तर तो बंद होणार होता, आणि घरची देखभाल तर कितीतरी स्वस्त होती. अध्यक्ष रेगन यांनी या विसंगतीचा जाहीर उल्लेख केला, नियमाला अपवाद करण्यात आला आणि पुढे तो तिच्या नावाने ओळखला जाऊ लागला. १९८६ मध्ये त्या देशाने आणखी एक पाऊल टाकले : विकासात मागे पडणाऱ्या तीन वर्षांखालील मुलांसाठी प्रत्येक कुटुंबाचा एक लेखी सेवा आराखडा, आणि त्याची जबाबदारी नावानिशी एका व्यक्तीवर. अमेरिकेची संपत्ती आपल्याकडे नाही; पण आराखड्यावर एकाचे नाव लिहिण्यास संपत्ती लागत नाही.

आपला कायदा तर याहून उदार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ‘उच्च आधाराची गरज’ ही संकल्पना आहे आणि तिच्या व्याख्येत दैनंदिन व्यवहारांबरोबर उपचार व थेरपी यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. कलम ३८ नुसार असा आधार मागता येतो आणि मूल्यमापन मंडळाने ती गरज ठरवायची आहे. व्यवहारात मात्र आपण टक्केवारीपाशी थांबतो. चाळीस की ऐंशी टक्के, हे दाखला सांगतो. या मुलाला काय लागते, कोण देणार आणि कधी, हे सांगत नाही. टक्केवारीवर निवृत्तिवेतन ठरवता येईल, पुनर्वसन नाही.

मग करायचे काय? पहिले, गुंतागुंतीच्या वैद्यकीय गरजा असलेल्या प्रत्येक मुलासाठी एक लेखी आराखडा आणि एक समन्वयक. हा समन्वयक डॉक्टरच असला पाहिजे असे नाही. प्रशिक्षित परिचारिका किंवा समाजसेवक हे काम अधिक चांगले करील. मात्र तज्ज्ञांना एकत्र बसवण्याचा आणि तारखा जुळवून घेण्याचा अधिकार त्याला आदेशाने मिळाला पाहिजे. अधिकाराविना तो आणखी एक कारकून ठरेल. दुसरे, केंद्रांचे माप जिल्ह्याऐवजी लोकसंख्या आणि प्रवासाचा वेळ यांवर ठरावे, आणि मोठ्या उपविभागाच्या रुग्णालयात आठवड्यातला एक दिवस संयुक्त तपासणीचा असावा. बॉन-हुगळी किंवा हाजी अलीचे तज्ज्ञ त्या दिवशी दूरदृश्य पद्धतीने सामील होऊ शकतात. तिसरे, विमा योजनांनी दाखल न होता घेतलेल्या पुनर्वसनाचे वार्षिक पॅकेज मान्य करावे. चौथे, त्या जुन्या तक्त्यात दोन रकाने वाढवावेत : ‘पोहोचलेली मुले’ आणि ‘वर्षानंतरची स्थिती’.

तज्ज्ञच पुरेसे नाहीत, हा आक्षेप खरा आहे. पण चमू म्हणजे रोज दहा तज्ज्ञ नव्हेत. मोजके तज्ज्ञ एकत्र बसून ठरवतील आणि दैनंदिन काम घराजवळचे हात करतील. दिव्यांग बालकांसाठीची अंगणवाडी नियमावली २०२३ मध्ये याच हेतूने आली. पाठपुरावा आपल्याकडे जमत नाही, हाही समज पुण्याने खोटा ठरवला आहे. १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळांचा मागोवा डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी के. ई. एम. रुग्णालयातून ती अठरा वर्षांची होईपर्यंत घेतला. मोबाइल फोन नव्हते तेव्हा हे काम सुरू झाले. दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग २०२२ मध्ये स्थापन करणाऱ्या महाराष्ट्राला आरोग्य आणि शिक्षण यांना एका आराखड्यावर आणण्याची संधी इतरांआधी मिळाली आहे. त्याने ती साधली, तर बंगालला त्याच्याकडून शिकता येईल. पन्नास वर्षांपूर्वी मुंबईचे एक सूत्र कोलकात्याने घेतले होतेच.

दरम्यान, हा समन्वयक आजही अस्तित्वात आहे, हे विसरता कामा नये. ती पहाटे उठते, मुलाला कडेवर घेते, सात फायली सांभाळते, एका डॉक्टरचे म्हणणे दुसऱ्याला सांगते, औषधाची मात्रा लक्षात ठेवते आणि चूक झाली तर स्वतःला दोष देते. तिला वेतन नाही, अधिकार नाही आणि रजा नाही. परवा ती पुन्हा लोकलमध्ये भेटली. पिशवीत आता आठ फायली आहेत, आठवी फुप्फुसांची.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी असून बराकपूर येथे राहतात. अनुवादित लेख.)